रामटेकच्या गडावर नेमके किती जुने काय आहे?

आषाढ लागला की रामटेकचे नाव पुन्हा सगळीकडे घेतले जाते. कालिदास दिनाचे कार्यक्रम होतात, मेघदूतातील ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ ही ओळ वर्तमानपत्रांत छापून येते आणि त्याच सुमारास लोकांच्या मोबाइलवर रामटेकविषयीचे मजकूरही फिरू लागतात. एकात गडावरचे राममंदिर लाखो वर्षांपूर्वीचे असल्याचे ठासून सांगितलेले असते. दुसऱ्यात कालिदासाने याच टेकडीवर बसून मेघदूत लिहिले, असे लिहिलेले असते. तिसरा मजकूर म्हणतो की हे सगळे भोसल्यांनी बांधले आणि त्याआधी इथे काहीच नव्हते, तर चौथ्याच्या मते मेघदूतातला रामगिरी रामटेक नसून छत्तीसगडातला एक डोंगर आहे. वाचणारा माणूस साहजिकच गोंधळतो, आणि पुष्कळदा आपल्याला जे आवडते तेच खरे मानून मोकळा होतो.

या चारही मजकुरांत थोडे तथ्य आहे आणि प्रत्येकात पुराव्यापलीकडची एक उडीही आहे. रामटेकचा इतिहास इतका मोलाचा आहे की त्याला अशा उड्यांची मुळीच गरज नाही. म्हणून कोणती गोष्ट कशाच्या आधारावर आणि किती खात्रीने म्हणता येते, हे येथे क्रमाने मांडतो.

प्रश्न एक नाही, तीन आहेत

रामटेकविषयीचा वाद चिघळतो याचे मुख्य कारण असे की तीन वेगवेगळे प्रश्न एकाच दाव्यात कोंबले जातात. पहिला प्रश्न असा की या टेकडीवर देवाची पूजा केव्हापासून होत आली आहे. दुसरा असा की कालिदासाच्या काव्यातला रामगिरी म्हणजे हीच टेकडी का. आणि तिसरा असा की प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र किंवा प्रत्यक्ष कालिदास येथे येऊन राहिले होते का. या तिन्ही प्रश्नांना लागणारा पुरावा वेगळा आहे आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही.

वावराच्या धुऱ्यावरून दोन भावकीत वाद लागला तर काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. सातबारा, फेरफार आणि मोजणीचा जुना नकाशा हे कागद आधी पाहिले जातात. त्यानंतर शेजारच्या वावरवाल्याची साक्ष घेतली जाते, आणि ‘आमचे आजोबा सांगत होते की ती निंब आमच्या हद्दीत होती’ हे म्हणणे सगळ्यांत शेवटी येते. आजोबा खोटे बोलत होते असे कोणीही म्हणत नाही, परंतु केवळ त्यांच्या सांगण्यावर धुरा सरकवताही येत नाही. उलट सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे त्या जमिनीविषयीची घरातली प्रत्येक गोष्ट खरी ठरली, असेही होत नाही. इतिहासाचे काम याच पद्धतीने चालते आणि रामटेकचे ‘कागद’ सुदैवाने बऱ्यापैकी शिल्लक आहेत.

रिद्धपूरचा ताम्रपट

ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले राजाचे दानपत्र. राजाने किंवा राणीने जमीन दान दिली की कोणाला दिली, कुठली दिली, कोणत्या वर्षी दिली आणि ती कोणी हिसकावून घेऊ नये, हे सारे पत्र्यांवर कोरून, पत्रे कडीत ओवून त्यावर मुद्रा ठोकत. हा त्या काळचा मालकीहक्काचा कागदच होता, आणि तो ज्या घराण्याला मिळाला ते घराणे त्याला जिवापाड जपत असे.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे क्षेत्र. येथे सापडलेला एक ताम्रपट वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा आहे. प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी. पती लवकर वारल्यामुळे मुले लहान असताना तिनेच राज्याचा कारभार पाहिला. तिच्या ताम्रपटांत एक लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे, ती अशी की दानपत्रात वंशावळ देताना तिने सासरच्या वाकाटकांची न देता माहेरच्या गुप्तांची दिली आहे. चौथ्या-पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करणाऱ्या या बाईचा स्वतःविषयीचा अभिमान त्यातून दिसतो.

रिद्धपूरचा ताम्रपट तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी दिलेला आहे आणि तो कोठून दिला हेही त्यात नमूद आहे. तो ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, म्हणजे रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून, दिलेला आहे. याचा अर्थ सुमारे १,६०० वर्षांपूर्वी वाकाटकांच्या राज्यात रामगिरी नावाचे एक ठिकाण होते, तेथे एका देवाची पूजा होत होती आणि ते स्थान इतके मानाचे होते की राणीने आपले दान तेथून जाहीर केले. हे अंदाजाने म्हटलेले नाही, तांब्यावर कोरलेले आहे.

ताम्रपट बनावट असू शकत नाही का, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्त आहे. जुन्या काळीही जमीन लाटण्यासाठी खोटे ताम्रपट कोरले जात. म्हणूनच अभ्यासक लिपी, भाषा, राजांचा क्रम, गावांची नावे आणि मुद्रा हे सर्व ताडून पाहतात. वाकाटकांच्या बहुतेक लेखांतील ब्राह्मी लिपीत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते. तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. दोन-तीनशे वर्षांनी खोटा लेख कोरायला बसलेल्या माणसाकडून अक्षरांच्या वळणात, तारखेत किंवा वंशावळीत कुठे ना कुठे चूक होते. प्रभावतीचे दोन ताम्रपट एकमेकांशी आणि तिच्या मुलाच्या अनेक ताम्रपटांशी जुळतात, म्हणून ते खरे मानले जातात.

पण रामगिरी म्हणजे रामटेकच कशावरून?

ताम्रपटात ‘रामगिरी’ आहे, ‘रामटेक’ नाही. रामाच्या नावाचे डोंगर देशात पुष्कळ आहेत. मग हाच तो डोंगर, असे कशावरून म्हणायचे?

पहिला आधार शेजाराचा. वाकाटकांच्या या शाखेची राजधानी नंदिवर्धन होती. प्रभावतीचा दुसरा ताम्रपट, जो पुण्यात मिळाला म्हणून पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो, तो नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे. हे नंदिवर्धन म्हणजे रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवरचे आजचे नगरधन, असे अभ्यासक फार पूर्वीपासून मानत आले. ‘मानत आले’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण गावाच्या नावातील साम्य आणि आजूबाजूचे अवशेष यांवरच पूर्वी भिस्त होती. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा मातीचा एक छोटा मुद्रांक, म्हणजे मुद्रेचा ठसा उठवलेला मातीचा गोळा, हाती आला. त्यावर शंखाचे चिन्ह आणि प्रभावतीगुप्तेचे नाव आहे. बोटांच्या चिमटीत मावेल एवढी ही वस्तू आहे, परंतु नगरधन आणि प्रभावती यांचा संबंध तिने प्रत्यक्ष मातीतून सिद्ध केला.

दुसरा आधार खुद्द टेकडीवरचा आहे. गडावर केवल नरसिंहाचे मंदिर आहे. दर्शनाला जाणारे बहुतेक लोक वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा ओलांडून थेट रामाकडे जातात आणि या मंदिराकडे पाहतही नाहीत. गाभाऱ्यातला नरसिंह आपल्या नेहमीच्या चित्रातल्यासारखा नाही. त्याच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडण्याचा प्रसंग नाही. हातात चक्र घेऊन, एखादा राजा ऐसपैस बसावा तसा तो बसला आहे. १९८० च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी या मंदिराच्या भिंतीवरचा गिलावा काढला आणि खाली पेटिकाशीर्षक लिपीतला संस्कृत शिलालेख निघाला. लेख बराच झिजलेला व तुटलेला आहे, तरी त्यात ‘प्रभावतीस्वामी’ असे देवाचे नाव वाचता येते. एखाद्या व्यक्तीच्या पुण्यस्मरणार्थ देवालय उभारून देवाला तिच्या नावाने ओळखण्याची तेव्हा रीत होती. तेव्हा राणी प्रभावतीच्या स्मरणाशी हे देवालय जोडलेले आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या मंदिराजवळच रुद्र नरसिंहाचे मंदिर आहे, चार खांबांच्या मंडपाखाली पूर्ण पशुरूपातला भव्य वराह उभा आहे आणि टेकडीवरच त्रिविक्रमाची भंगलेली, पण देखणी मूर्ती आहे. घडणीवरून या सर्व वास्तू वाकाटकांच्या काळातल्या ठरतात. राजधानी जवळच, राणीच्या नावाचा लेख टेकडीवर आणि विष्णूच्या अवतारांची एवढी देवळे एका ठिकाणी, हे सर्व एकत्र ठेवले म्हणजे ताम्रपटातला रामगिरी हीच टेकडी असण्याची शक्यता फार मोठी होते. आजवर याहून चांगला दुसरा दावेदार पुढे आलेला नाही. मात्र वाकाटककाळातला, ‘हा रामगिरी’ असे खुद्द टेकडीवर कोरलेला लेख मिळालेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मग राममंदिर केव्हाचे?

गडावरची आज उभी असलेली सर्वांत जुनी देवळे रामाची नाहीत, नरसिंहाची आणि वराहाची आहेत, ही गोष्ट अनेकांना खटकते. राम आणि लक्ष्मण यांची आजची मंदिरे घडणीने यादवकाळातली, म्हणजे सुमारे तेराव्या शतकातली आहेत. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातला मोठा संस्कृत शिलालेख आहे. रामचंद्राची कारकीर्द १२७१ ते १३११ अशी होती. या लेखात टेकडीला सिंदूरगिरी आणि तपंगिरी अशी नावे आहेत आणि येथील देवतांची व तीर्थांची यादीच दिली आहे. म्हणजे तेराव्या शतकात हे क्षेत्र पूर्ण बहरलेले होते.

त्याच शतकाची दुसरी साक्ष मराठीतली आहे. महानुभाव परंपरा सांगते की गुजरातेतील प्रधानाचे पुत्र हरपाळदेव, म्हणजेच पुढे चक्रधरस्वामी, हे रामटेकच्या रामयात्रेला जातो असे सांगून घराबाहेर पडले आणि वाटेत रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. दूर गुजरातेतला माणूस रामटेकच्या यात्रेला निघतो हे त्या काळच्या ऐकणाऱ्यांना विशेष वाटत नव्हते, यावरून या क्षेत्राची कीर्ती कुठवर पोचली होती ते कळते. ज्या रिद्धपुरात प्रभावतीचा ताम्रपट मिळाला त्याच रिद्धपुराचे नाव आठशे वर्षांनंतर पुन्हा रामटेकशी जोडून यावे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

यादवांनंतरचा मोठा थर नागपूरकर भोसल्यांचा. अठराव्या शतकात पहिल्या रघूजींच्या काळात मंदिरांचा जीर्णोद्धार झाला, तटबंदी उभी राहिली आणि गडाला आजचे किल्ल्यासारखे रूप आले. ‘सगळे भोसल्यांचे’ हा समज येथूनच निघतो, कारण डोळ्यांना आधी तटच दिसतो. पण तट अठराव्या शतकातला, त्याच्या आतले मंदिर तेराव्या शतकातले आणि त्याच टेकडीवरचा नरसिंह पाचव्या शतकातला, असे तीन काळ येथे एकमेकांना लागून उभे आहेत. विदर्भातले कोणतेही काळ्या दगडाचे देऊळ दिसले की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची जी सवय आहे, तीही येथे उपयोगाची नाही. हेमाद्री हा यादव महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री होता, वाकाटकांनंतर आठशे वर्षांनी झालेला.

मेघदूतातला रामगिरी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात शापित यक्ष रामगिरीवरच्या आश्रमांत राहतो आणि तेथील पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले आहे, असे कालिदास सांगतो. पुढे या डोंगराच्या उतारांवर रघुपतीची पावले उमटली आहेत, असेही तो म्हणतो. मग यक्ष मेघाला वाट समजावून देतो. नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास येणाऱ्या माळावर चढ, थोडे पश्चिमेला जा, मग पुन्हा उत्तरेला वळ. पुढे आंब्यांनी झाकलेला आम्रकूट पर्वत लागेल, नंतर विंध्याच्या पायथ्याशी खडकांतून फुटून वाहणारी रेवा, म्हणजे नर्मदा, दिसेल, मग दशार्ण देश, विदिशा आणि उज्जयिनी.

या वाटेवरून बरेच काही ठरते. मेघ उत्तरेकडे निघाला आहे आणि त्याला नर्मदा ओलांडायची आहे, म्हणजे रामगिरी नर्मदेच्या दक्षिणेला असला पाहिजे. मेघदूताचा प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथ रामगिरी म्हणजे चित्रकूट असे सांगतो आणि त्याच्या अधिकारामुळे हे मत शतकानुशतके चालत आले. पण उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशच्या सीमेवरचा आजचा चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेला आहे. तेथून उत्तरेकडे निघालेल्या मेघाला नर्मदा लागणारच नाही. टीकाकार कितीही मोठा असला तरी काव्यातला भूगोल त्याच्या विरुद्ध जातो.

छत्तीसगडातल्या सरगुजा भागातील रामगढ हा दुसरा दावेदार. तेथे सीताबेंगा आणि जोगीमारा या फार जुन्या गुहा आहेत, त्यांत प्राचीन लेख आहेत आणि रामायणाशी जोडलेल्या कथाही आहेत. म्हणून हा दावा उडवून लावण्यासारखा नाही. परंतु आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे धरले, तर अमरकंटक रामगढच्या उत्तरेला नाही, पश्चिमेकडे आहे आणि वाटेची संगती बिघडते.

रामटेकच्या बाजूने पाहता येथून सरळ उत्तरेला गेले की जबलपूर-नरसिंहपूरच्या पट्ट्यात नर्मदा लागते आणि वायव्येला विदिशा. वाकाटकांचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर नागपुरात राहून केला त्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष सविस्तर मांडला आणि आज तोच पक्ष अधिक मान्य आहे. प्रभावतीच्या ताम्रपटातले ‘रामगिरी’ हे नाव आणि कालिदासाचा काळ चौथ्या-पाचव्या शतकातला मानला जाणे, हे दोन्ही त्याला बळ देतात. तरी एक अडचण उरते. अमरकंटक रामटेकच्याही ईशान्येला खूप दूर आहे आणि तेथे जाऊन पुन्हा विदिशेकडे वळायचे तर मेघाला मोठाच वळसा पडेल. त्यामुळे आम्रकूट म्हणजे अमरकंटकच का, हाही वाद आहे. माझे मत रामटेकच्या बाजूचे आहे. फक्त ‘सिद्ध झाले’ असे न म्हणता ‘उपलब्ध पुराव्यांत सर्वांत जुळणारे’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

“कालिदास इथेच बसून लिहीत होता ना?”

रामगिरी म्हणजे रामटेक हे शंभर टक्के सिद्ध झाले, तरी कालिदास येथे आला होता हे त्यावरून ठरत नाही. कवी न पाहिलेल्या स्थळांचेही वर्णन करतो, कालिदासाने हिमालयातल्या अलकानगरीचेही केले आहे.

तो येथे आला असावा असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद असा आहे: कालिदास दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या आश्रयाला होता, चंद्रगुप्ताची मुलगी विदर्भात राणी होती, तेव्हा त्याला येथे पाठवले असेल. शिवाय दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर असलेल्या ‘सेतुबंध’ या प्राकृत काव्यावर कालिदासाचा हात फिरला, अशी एक परंपरा आहे. ती सांगणारा टीकाकार रामदास (हे समर्थ रामदास नव्हेत) अकबराच्या काळातला, म्हणजे प्रवरसेनानंतर हजारांहून अधिक वर्षांनी झालेला आहे. एवढ्या अंतरानंतरच्या साक्षीला आजोबांच्या सांगण्याइतकेच वजन द्यावे लागते. कालिदास चंद्रगुप्ताच्या दरबारी होता हेसुद्धा कोणत्याही समकालीन लेखात नाही, तो अनुमानाचा भाग आहे. त्याच्या नावाचा निश्चित काळ असलेला जुना शिलालेखी उल्लेख कर्नाटकातील ऐहोळे येथला, इसवी सन ६३४ चा आहे.

रामटेकला कालिदासाचे स्मारक असणे, १९९७ पासून तेथे त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ असणे, हे सर्वथा योग्यच आहे. विदर्भाने एका महाकवीचा केलेला तो आदर आहे. मात्र स्मारक हा पुरावा नव्हे.

“एकदा कार्बन डेटिंग करून टाका”

पुराण्या वास्तूविषयी वाद निघाला की ही मागणी हमखास होते. कार्बन डेटिंग ही पद्धत एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंनाच लागू पडते. लाकूड, कोळसा, हाड, धान्याचा दाणा यांच्यात जिवंतपणी साठलेला विशिष्ट प्रकारचा कार्बन मेल्यानंतर ठराविक गतीने घटत जातो. किती उरला ते मोजून काळ काढतात, तोही साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतचा. दगड कधी जिवंत नव्हता, त्यामुळे मूर्तीला किंवा भिंतीला ही पद्धत लावता येत नाही. दगडाचे भूवैज्ञानिक वय वेगळ्या पद्धतींनी काढता येते, पण ते कोट्यवधी वर्षांचे निघेल आणि त्यावरून मूर्ती केव्हा घडवली हे कळणार नाही. ‘लाखो वर्षे जुने मंदिर’ या दाव्यात बहुधा हाच घोटाळा असतो. मंदिराचा काळ ठरवायला कोरलेला लेख, घडणीची शैली आणि पायाशी उत्खननात मिळणाऱ्या वस्तू हेच मार्ग आहेत.

“हा श्रद्धेला धक्का नाही का?”

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. स्थलपुराण, म्हणजे एखाद्या क्षेत्राची परंपरेने चालत आलेली कथा, ही लोकांनी त्या भूमीशी जोडलेल्या नात्याची नोंद असते. राक्षसांचा निःपात करण्याची प्रतिज्ञा, म्हणजे टेक, रामाने येथे केली अशी कथा आहे. अगस्त्य ऋषींचा आश्रम येथे होता अशी श्रद्धा आहे. या कथांना ना ताम्रपट सिद्ध करू शकतो, ना खोटे ठरवू शकतो. किमान सोळाशे वर्षे लोक या टेकडीवर हात जोडत आले, एवढे मात्र पुरावा खात्रीने सांगतो, आणि भाविकाला यात गमावण्यासारखे काहीच नाही.

पण परंपरेतले जे आपल्याला सोयीचे तेवढेच घ्यायचे आणि बाकीचे दडपायचे, असे करता येणार नाही. लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन लेखात शंबूकाचा उल्लेख आहे. तप करणाऱ्या शूद्र मुनीचा रामाने वध केला, ही उत्तरकांडातली कथा या टेकडीशी जोडलेली आहे. उत्तरकांड हा रामायणात नंतर पडलेला भाग आहे, असे अनेक विद्वान मानतात, आणि या कथेमुळे दुखावणारी माणसे आजही आपल्या गावागावांत आहेत. तेराव्या शतकात ती येथे सांगितली जात होती, हे लेखावरून ठरते. ती घटना येथे घडली, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही वाक्ये एका दमात म्हणण्याची तयारी असली तरच रामटेकचा इतिहास सांगायला बसावे.

वावरात जुना पत्रा निघाला तर

रामटेकविषयी आज जे ठामपणे बोलता येते त्यातले बरेचसे तीन गोष्टींवर उभे आहे: रिद्धपूरचे तांब्याचे पत्रे, गिलाव्याखालचा लेख आणि नगरधनचा मातीचा गोळा. तिन्ही सहज नष्ट होऊ शकल्या असत्या. तांबे मोडीत गेले असते, भिंतीवर नवा थर बसला असता आणि गोळा पाण्यात विरघळला असता. गावोगावच्या जुन्या देवळांच्या भिंतींना जीर्णोद्धाराच्या हौसेने ऑइल पेंट फासला जातो, गाभाऱ्यात टाइल्स बसतात, कोरीव दगडांवर सिमेंट थापले जाते. हे करणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण त्या थराखाली काय कायमचे गाडले गेले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. देणगी गोळा झाली असेल तर काम सुरू होण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या माणसाला एकदा भिंती दाखवाव्यात आणि प्रत्येक भिंतीचे जवळून फोटो काढून ठेवावेत.

नांगरताना किंवा विहीर खोदताना जुनी नाणी, मूर्ती किंवा अक्षरे कोरलेला पत्रा निघाला, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत दडलेले काहीही सापडले तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि ती दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकार सगळे फुकट घेऊन जाते, ही भीती मात्र कायद्याला धरून नाही. मूळ मालक सिद्ध झाला नाही आणि दुसरा कोणताही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, असे त्यात लिहिले आहे. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. वस्तू चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण कोरीव अक्षरांच्या कडा त्यात झिजतात. चिकटलेली माती तशीच राहू द्यावी, ज्या जागी ती निघाली तेथे खूण करावी, किती खोलीवर निघाली ते लिहून ठेवावे आणि तलाठ्यामार्फत तहसीलला कळवावे. वस्तू ज्या मातीच्या थरात असते त्या थरावरून तिचा काळ ठरतो, म्हणून ती जागेवरून हलवण्याआधी काढलेला एक साधा मोबाइलचा फोटोसुद्धा अभ्यासकाच्या फार उपयोगी पडतो.